आई ग्रहणात बसली तेव्हा

“श्रीराम जय राम जय जय...” इथपर्यंत आई आली आणि थांबली.

मी समोरच्या भिंतीला टेकून बसले होते. खिडकीवर दुहेरी चादर ठोकलेली, दाराच्या फटीत आजीचं जुनं लुगडं कोंबलेलं, वर एकच पिवळा बल्ब. आईच्या हातातली माळ जागच्या जागी थबकली होती. एक मणी तिनं दोन बोटांत इतका घट्ट धरला होता की नखं पांढरी पडली होती. बऱ्याच वेळानं “राम” आला, पण विहिरीतून बादली ओढावी तसा ओढून आणलेला. मणी सरकला आणि जप पुन्हा सुरू झाला.

“दुखतंय का काही?” मी विचारलं.

तिनं डोळे न उघडताच मान हलवली. नाही.

आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालं होतं, दुसऱ्या दिवशी पाडवा होता, आणि मधल्या दिवशी सूर्यग्रहण आलं होतं. दिवाळीच्या ऐन मध्यात ग्रहण म्हणजे चकलीच्या डब्यावर तुळशीचं पान, शंकरपाळ्यांच्या डब्यावर तुळशीचं पान, आणि आपण नुसतं पानाकडं बघायचं. मला हात लावायला बंदी होती. आईला तर कशालाच हात लावायला बंदी होती, कारण ती पोटुशी होती. पोटुशीनं ग्रहणात चिरायचं नाही, शिवायचं नाही, अंग खाजवायचं नाही, झोपायचं नाही, पाणी प्यायचं नाही, बाथरूमलासुद्धा जायचं नाही. अंधाऱ्या खोलीत सरळ बसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. तिला डुलकी लागली तर हलवून जागं करायचं, या कामावर मला नेमलं होतं. मी तेव्हा आठवीत होते.

आठवीत असताना आपल्या आईला दिवस जातात म्हणजे काय असतं, ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. वर्गातल्या स्नेहांकितानं मला विचारलं होतं, तुझ्या आईचं पोट एवढं कशानं? मी म्हटलं, गॅसनं. गॅस पाच महिने टिकला. मग एक दिवस आईच मला डबा द्यायला शाळेत आली आणि गॅसचं बिंग फुटलं.

पप्पा एसटीत ड्रायव्हर. दिवाळीत सगळ्या महाराष्ट्राला आपापल्या घरी जायचं असतं, म्हणून पप्पांना घरी यायला मिळत नाही. ते भाऊबीजेला येणार होते, आणि त्यानंतर दोन दिवसांनी आईला घाट उतरून तालुक्याच्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं होतं. तारीखच मिळाली होती, कारण बाळ पोटात उलटं होतं. डोकं वर, पाय खाली. आजीला त्याचं कौतुक. पायाळू मूल नशीबवान असतं, असं ती येईल त्याला सांगायची. डॉक्टरांना त्याचं अजिबात कौतुक नव्हतं. त्यांनी सरळ ऑपरेशन लिहून दिलं होतं.

हॉस्पिटलात दर वेळी आईबरोबर मीच जायचे, आणि तिथल्या बागवान सिस्टरांशी माझी गट्टी जमली होती. त्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे. ग्रहणाच्या पंधरा दिवस आधी आईच्या पोटात दुखायला लागलं, मी बोंबलत गल्लीभर धावले, गल्लीतल्या दूधवाल्या शिवादादानं कॅनं उतरवून टेम्पो काढला, आम्ही घाट उतरलो, आणि हॉस्पिटलच्या फाटकापासून तपासणीच्या खोलीपर्यंत चालत जाता जाता आईचं दुखणं थांबलं. काही नाही, खोट्या कळा होत्या. परत येताना शिवादादा वाटेत गप्प होता. आजी मात्र नव्हती. तेव्हापासून तिनं मला डॉक्टरीणबाई म्हणायला सुरुवात केली. भाजीत मीठ कमी पडलं तरी विचारायची, काय डॉक्टरीणबाई, कळ म्हणायची का ही?

त्या दिवशी बागवान सिस्टरांनी मला बाकावर शेजारी बसवलं होतं. माझा हात धरून त्यांनी तो माझ्याच गालावर ठेवला, मग नाकाच्या शेंड्यावर, मग कपाळावर. म्हणाल्या, आईच्या पोटाला हात लावायचा. गालासारखं लागलं तर काळजी नाही. नाकासारखं लागलं तर लक्ष ठेव. कपाळासारखं कडक झालं, परत सैल पडलं, परत कडक झालं, आणि मधली वेळ कमी कमी होत गेली, तर ती कळ. खोटी कळ उठून चार पावलं चाललं की विरते. खरी विरत नाही, वाढते, कमरेतून पुढं येते. आणि पाणी गेलं तर मात्र तिला चालवायचंच नाही, बसवायचंही नाही. आडवं करून आणायचं. बाळ पायाळू आहे, पाण्याबरोबर नाळ खाली घसरली तर काही मिनिटांचा खेळ असतो.

हे सगळं मी पाठ केलं होतं. इतिहासाच्या सनावळ्यांपेक्षा चांगलं.

जप पुन्हा “जय जय”वर अडला.

या वेळी मी तिचा चेहरा बघत होते. वरच्या ओठावर घाम होता, आणि डावी मूठ मागं कमरेत रुतवलेली होती. पहिल्या माळेत ती एकदाच थांबली होती, हे मला आठवलं. दुसऱ्या माळेत दोनदा. ही तिसरी माळ होती, अर्धीही झाली नव्हती, आणि ती आत्ताच दुसऱ्यांदा थांबली होती.

मग मागच्या गोष्टी एकेक करून समोर यायला लागल्या. आदल्या दिवशी तिनं ट्रंक उपसून सगळे कपडे पुन्हा घड्या घालून ठेवले होते, भांड्यांची फळी घासली होती, बाळाची दुपटी दोनदा धुतली होती. दिवाळीत कोण आवरत नाही, म्हणून कुणाला त्यात काही वाटलं नव्हतं. सकाळी ती तीनदा मोरीकडं गेली. जेवायला नको म्हणाली, तर आजी खूश झाली. सुनेनं वेधापासूनच पाळलं म्हणे.

“आई, मी पोटाला हात लावू?”

“नको.”

“एकदाच.”

“जपात बोलू नये, शर्वाणी.”

ती मला शर्वे म्हणते. शर्वाणी म्हणते ती रागावल्यावर, किंवा घाबरल्यावर. मी गुडघ्यांवर सरकत गेले आणि न विचारता हात ठेवला. गाल. मऊ, गरम, आत काहीतरी सरकलं. मला इतकं हायसं वाटलं की मी हसलेच. हात काढणार, तेवढ्यात माझ्या तळव्याखाली सगळं पोट हळूहळू गोळा व्हायला लागलं. एका बाजूनं उंच झालं, ताठ झालं, आणि मग मी जणू भिंतीलाच हात लावला होता. कपाळ. कपाळापेक्षाही कडक. आईनं श्वास नाकातून आत घेतला आणि धरून ठेवला. मीही धरला. मला सोडावा लागला, तिचा चालूच होता.

पोट सैल पडलं तेव्हा मी म्हटलं, आपण उठून चार पावलं चालून बघू. खोटी असेल तर जाईल.

“ग्रहण लागलंय,” ती म्हणाली. “उठायचं नाही.”

म्हणजे तपासायची एकच युक्ती मला येत होती, आणि नेमकी तीच त्या दिवशी चालणार नव्हती. बाहेर पडवीत आजी जपाला बसली होती. तिला हाक मारावी, तर ती म्हणणार, आल्या डॉक्टरीणबाई. आणि ही जर खरंच खोटी कळ असली आणि मी आईला भर ग्रहणात उठवलं, तर पुढं बाळाला काहीही झालं तरी ते जन्मभर माझ्या नावावर. मी हसते त्या गोष्टींना. तेव्हाही हसायचे. पण त्या खोलीत चादरीच्या कडेनं जो उजेड येत होता तो मळकट होता, उन्हाचा नव्हताच, आणि बाहेर कावळेसुद्धा गप्प होते. अशा वेळी हसू येत नाही.

मी परत जागेवर जायला खाली हात टेकला, तेव्हा माझा तळवा ओला झाला.

आईच्या खालच्या घोंगडीची कड भिजली होती. मी हाताकडं बघितलं, आईकडं बघितलं.

“पाणी सांडलं,” ती म्हणाली.

खोलीत पाणी नव्हतं. तांब्या, कळशी, फुलपात्र, सगळं आजीनं तुळशीची पानं टाकून स्वयंपाकघरात झाकून ठेवलं होतं. मी खोलीभर नजर फिरवली, जणू कुठून तरी एखादा तांब्या निघेलच.

“आई, तुला कळतंय,” मी म्हटलं. “तुला कधीपासून कळतंय?”

तिनं डोळे उघडले. “सकाळपासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर मला गाडीत घातलं असतं. ग्रहणात, उघड्यावर.” ती सावकाश बोलत होती, पुढची कळ येण्याआधी सगळं सांगून व्हावं म्हणून. “थोडंच राहिलंय. सूर्य मावळला की सुटलं. तोवर आजीला काही बोलायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.”

आता मी अकरावीत आहे. वक्तृत्व स्पर्धेत अंधश्रद्धेवर बोलून ढाल आणली आहे. गळ्याची शपथ मोडल्यानं कुणी मरत नाही, हे मी माइकवरून सांगू शकते. पण त्या दिवशी माझ्या आईच्या गळ्यावर घाम होता, शीर उडत होती, आणि तिनं त्याच गळ्याला चिमटीत धरून मला शपथ घातली होती. मी आजीला हाक मारली नाही. एवढंच केलं की उशी आणली आणि तिला कुशीवर आडवी व्हायला सांगितलं. झोपायची बंदी आहे, आडवं व्हायची नाही, असं मी म्हटलं. ते तिनं ऐकलं. मी दुसरी उशी तिच्या कमरेखाली सरकवली. माळ तिनं हातातच ठेवली. जप आता मोठ्यानं नव्हता, नुसते ओठ हलत होते, आणि मी तिच्या पोटावर हात ठेवून सूर्य मावळायची वाट बघत होते. इतकी वाट मी कधी कशाची बघितली नाही. गाल. कपाळ. गाल. कपाळ. गालाची वेळ आकसत चालली होती.

शेवटी बाहेरून हाळी आली. “दे दान, सुटे गिऱ्हान.” गल्लीत लोकांचे आवाज आले, बादल्या वाजल्या. सगळं गाव अंघोळीला निघालं होतं. आजीनं पडवीतूनच ओरडून सांगितलं, मावळला गं बाई दिवस, तापलेलं पाणी काढते, उठा आता.

“सुटलं,” मी म्हटलं. “आई, सुटलं. मी आजीला बोलावते.”

तिनं माझं मनगट पकडलं.

“मोक्ष कुठं दिसलाय?” ती म्हणाली. “सूर्य ग्रहणातच मावळला. लागलेलाच गेला तो. शुद्ध सूर्य बघितल्याशिवाय सुटत नाही. टीव्हीवर सांगत होते.”

“मग कधी?”

“सकाळी. उगवला की.”

पहिल्यांदा मला वाटलं, ती चेष्टा करतेय. मग मी तिच्या डोळ्यांत बघितलं. माझी आई बारावी सायन्स आहे. तिनं मला चंद्रग्रहण टॉर्च आणि दोन लिंबं घेऊन शिकवलं होतं. तीच आई घोंगडीवर आडवी पडून, पाणी गेलेलं असताना, उद्याचा सूर्य उगवेपर्यंत बाळ पोटात धरून ठेवायचं म्हणत होती. आणि तिला माझ्याहून जास्त भीती वाटत होती. मोठ्या माणसाला एवढी भीती वाटू शकते, हे मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मग मला स्वतःच्या भीतीसाठी जागाच उरली नाही.

शपथ सूर्य मावळेपर्यंतची होती. सूर्य मावळला होता. मी मनगट सोडवून घेतलं.

आजी मागच्या दारी चुलीवरचं पाणी बादलीत ओतत होती. मी सांगायला सुरुवात केली, तर सगळं उलटसुलट आलं, आधी घोंगडी, मग गाल आणि कपाळ, मग माळ. ती ऐकत होती, पण पाणी ओतायची थांबली नव्हती. मला वाटलं, आता म्हणेल, डॉक्टरीणबाई. तिनं एकच विचारलं.

“कंबर धरलीया का?”

“हो. सकाळपासून. मूठ रुतवून बसलीय.”

पातेलं तिच्या हातातून निसटलं. गरम पाणी तिच्या पायावरूनच गेलं, पण तिनं पाय उचलला नाही. माझ्याकडं बघत राहिली, आणि मग अंघोळ न करता, ग्रहणातल्या पारोशा अंगानं, सरळ घरात गेली. आजी म्हणजे जी सुतकात उंबऱ्याला नख लागू देत नाही, ती.

“ऊठ, सुमन,” ती खोलीत शिरत म्हणाली. “न्हाई, उठू नगंस. पडून ऱ्हा. आमी उचलतो.”

“आत्याबाई, सकाळपर्यंत,” आई म्हणाली. ती आजीला आत्याबाई म्हणते. “पाया पडते तुमच्या. मागच्या वेळी मी उठले होते.”

मागच्या वेळी म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. मी पाच वर्षांची असताना मला एक भाऊ झाला होता आणि तो राहिला नव्हता, एवढंच. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही.

आई बोलत होती, आजीशी, पण बघत माझ्याकडं होती. त्या वेळी चंद्रग्रहण होतं. मी भूक लागली म्हणून रडत होते. आजी देवळात होती. आईनं या सगळ्याला हसत उठून विळी घेतली आणि मला पेरू चिरून दिला. चार दिवसांनी बाळ गेलं. अख्ख्या गल्लीतल्या बायका सुतकाला आल्या आणि एकच बोलल्या, पेरू चिरला. पेरू चिरला. आई म्हणाली, मी तेव्हा काही मानत नव्हते, आत्याबाई. पण मग दुसरं काय कारण होतं? सगळं तर बरोबर होतं ना.

माझ्या डोक्यात एकच आलं. तो पेरू मी खाल्ला होता.

आजी खाली बसली. घोंगडीच्या ओल्या कडेवरच बसली.

“पेरवानं न्हाई गेलं ते,” ती म्हणाली.

आईनं उशीवरून मान उचलली.

“तू कंबर धरून बसली हुतीस, आदल्या तिन्हीसांजंला. आठवतंय? मी म्हनलं, उसण भरलीया. गल्लीतल्या वामनला बोलावला. त्यो पायाळू. त्याचा पाय लावला तुज्या कमरंला, तीन डाव. पायाळूचा पाय लागला की उसण जाती, मला ठावं हुतं. तू म्हनलीस, दवाखान्यात चला. मी म्हनलं, सकाळी बगू.” तिनं पदर तोंडाशी धरला आणि पदरातूनच पुढचं बोलली. “सकाळी नेलं. डाक्टरीण मला भाईर घिऊन गेली. म्हनली, आजी, कळा हुत्या त्या. राती आनलं असतं तर हातात दिलं असतं. मी घरी आले तवा बाया पेरू पेरू करत हुत्या. मी गप बसले. इतकी वरसं गप बसले.”

बाहेर गल्लीत कुणीतरी उरलेला फटाका लावला. आम्ही तिघी दचकलो.

आई आजीकडं बघत होती. रागानं नाही, रडूनही नाही. ओळख पटत नसल्यासारखं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात कळ आली, आणि सकाळपासून गिळलेल्या सगळ्या कळा जणू तिच्यातून एकदम बाहेर पडल्या. तो आवाज मी कधी विसरणार नाही. माळ तुटली नाही, पण ती तिनं फेकून दिली.

मी धावले. अनवाणी, ओढणीशिवाय, पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा त्याच गल्लीतून. शिवादादा न्हाणीत होता. मी दारावर मुठी आपटून ओरडले, दादा, या वेळी खरंय. आतून पाण्याचा आवाज थांबला. तो अर्धा साबण अंगावर घेऊनच आला, वर नुसता शर्ट अडकवून, आणि एक शब्दही विचारला नाही. त्याची बायको मंदावहिनी गादीचं दुसरं टोक धरायला आली. आईला उभं करायचं नाही, असं मी तिघांनाही सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकलं. तिघं मोठी माणसं माझं ऐकत होती, याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. नंतर वाटलं. अँब्युलन्स खालून वर येणार आणि परत खाली जाणार, त्यापेक्षा टेम्पो बरा, असं शिवादादा म्हणाला. कॅनं त्यानं उतरवली नाहीत, ढकलून दिली. रस्त्यावर दूध वाहत गेलं.

टेम्पोच्या हौद्यात गादी, गादीवर आई, तिच्या कमरेखाली दोन उशा, डोक्याशी आजी आणि पायाशी मी. गावाबाहेरच्या वळणावर रेंज आली तसा मी बागवान सिस्टरांना फोन लावला. पाणी कधी गेलं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, “शर्वाणी, आता मी सांगते ते कर. साडी वर घे आणि बघ. दोरीसारखं काही बाहेर आलंय का?”

मी तेरा वर्षांची होते. आईला दिवस गेलेत हे सांगायला मला लाज वाटत होती. मी मोबाइलचा टॉर्च लावला. टेम्पो वळत होता, उजेड सगळीकडं उडत होता, आणि काय दिसेल या भीतीनं माझे डोळे मिटत होते. आईच म्हणाली, बघ गं बाळा, लाजू नको. मी बघितलं.

“काही नाही,” मी फोनमध्ये म्हटलं. “दोरी नाही. थोडं रक्त आहे, चिकट.”

“शाबास. तिला म्हणावं, जोर द्यायचा नाही. फुंकर मारायची. दिवा विझवतात तशी.”

मग घाटभर आम्ही तिघी फुंकरा मारत होतो. आई मारायची, तिला सोबत म्हणून मी मारायचे, आणि डोक्याशी बसलेली आजीही रडता रडता फुंकरा मारत होती. कुणी बघितलं असतं तर वेड्यांचा टेम्पो चाललाय, असंच म्हटलं असतं. प्रत्येक वळणाला मला वाटायचं, आता. आता होईल आणि माझ्या हातात होईल आणि मला काही येत नाही. पोटावरचा माझा हात आता सांगायचाच बंद झाला होता. सगळं कपाळच होतं.

हॉस्पिटलच्या फाटकात सिस्टर स्ट्रेचर घेऊन उभ्या होत्या. आईला नेताना तिचा हात बाजूला लोंबत होता. तो आजीनं धरायला बघितलं. आईनं काढून घेतला.

दार बंद झालं. आम्ही बाकावर बसलो. पप्पांचा फोन कंडक्टरकाकांनी उचलला, आणि मी त्यांना सांगितलं की गाडी स्टँडवर लागेपर्यंत पप्पांना काही सांगू नका, स्टेअरिंगवर आहेत. नंतर मला वाटलं, हेही आज माझ्याच डोक्यातून आलं. शिवादादानं चहा आणला. मी दोन कप प्यायले आणि बिस्किटांचा पुडा संपवला, कारण दात वाजत होते आणि त्यांना काहीतरी काम हवं होतं. आजीनं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. आताही घेतला नाही. तिच्या पायावर फोड आले होते. मी सिस्टरांकडून मलम मागून आणलं, तर म्हणाली, राहू दे.

“आजी,” मी विचारलं, “आजच सांगायचं का ठरवलंस?”

“ती न्हाई म्हनत हुती,” आजी म्हणाली. “दुसरं काय सांगून उठवली असती तिला?”

आणि मग दारापलीकडून आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग मांजरासारखा, मग खणखणीत. मी उठून उभी राहिले. आजी बसूनच राहिली, हात जोडून, पण देवाचं नाव तिच्या तोंडातून निघत नव्हतं. सिस्टर बाहेर आल्या. मुलगी. आई ठीक. बाळाच्या पायाला जरा मुरगळल्यासारखं वाटतंय, होईल बरं.

सकाळी आईला वॉर्डात आणलं. मी तिच्या पलंगावर पायांशी बसले, बाळ तिच्या कुशीत. लालभडक, केसाळ, माझ्याइतकीच आरडाओरड करणारं. आजी वॉर्डाच्या दारात उभी होती. आत येत नव्हती, जातही नव्हती. येणारीजाणारी माणसं तिला वळसा घालून जात होती.

आई बराच वेळ बाळाच्या कपाळावरून बोट फिरवत राहिली. मग दाराकडं न बघता म्हणाली, “आत्याबाई. तो रडला होता का?”

तो कोण, हे आजीनं विचारलं नाही.

मला वाटलं, नाही म्हण. मी मनातल्या मनात तिला सांगत होते, आजी, नाही म्हण. आईला तेव्हा भूल दिली होती, तिला कधीच कळणार नाही.

“एकदा,” आजी म्हणाली. “एकदाच. बारीक आवाजात.”

आईनं तोंड भिंतीकडं केलं. सलाईन थेंब थेंब गळत होती. मी आजीकडं बघू की आईकडं, ते मला कळेना, म्हणून बाळाकडं बघत राहिले. थोड्या वेळानं ते कुरकुरायला लागलं, मग रडायला. आईनं ते उचलायला हात पुढं केला, पण त्या हातात सुई होती, आणि टाक्यांमुळं तिला कुशीवर वळता येईना. मी उठणार होते. तिनं मला हाताच्या खुणेनंच खाली बसवलं.

“नुसत्या उभ्या काय राहिलाय,” ती म्हणाली. अजून तोंड भिंतीकडंच होतं. “घ्या तिला. मला वळता येत नाही.”

आजी आत आली.